हळू फिल्म

बाबा, "भिंग तपासायचं तर हळू फिल्म घाल. घाईची फिल्म भिंगाचे दोष पोटात घालते," असं तुम्ही म्हणाला होतात. शहापूरच्या बाजारातल्या तुमच्या स्टुडिओत, मागच्या भिंतीला वर्तमानपत्राचं पान चिकटवताना. मी चौदा वर्षांची. पानाच्या चारही कोपऱ्यांत बारीक अक्षरांच्या जाहिराती येतील असं तुम्ही बघता, कॅमेरा स्टँडवर घट्ट करता, श्वास रोखून बटण दाबता. पुढे एकदा उजेड कमी होता म्हणून मी तुम्हाला न विचारता चारशेची, घाईची फिल्म भरली. प्रिंट बघून तुम्ही हाक मारलीत, "ही अक्षरं हायत का नाचणी पेरलीस गो? आता मला कसं कळायचं, भिंग खराब का फिल्म खरबरीत?" आतून आई म्हणाली, "नाचणी तर नाचणी, भाकरी थापते. पोरीला जेवू द्या आधी." तुम्ही हसला नाहीत. ती फिल्म वरातीत नाचणाऱ्यांसाठी, परीक्षेसाठी नाय, एवढंच म्हणालात.

ते भिंग आता माझ्याकडे मुरबाडला आहे. आईही. दिवाळीनंतर एकदा ती म्हणाली, "तुझ्या बापानं गावभर फोटू काढलं, माझा एक पासपोर्टचा. मला त्या चांगल्या भिंगातून बघ गो एकदा. त्यांच्या हारवाल्या फोटूच्या बाजूला लावायला." मी मोबाइलवर काढून दाखवला, तर म्हणाली, "ही कोण बाय? हिला सुरकुती नाय." तेव्हा ती सकाळच्या उन्हात ओट्यावर बसायची, जराही न हलता. तेव्हाच काढायला हवा होता. पण इतकी वर्षं दमट हवेत पडलेल्या भिंगावर विश्वास कसा ठेवायचा? मी तुमच्यासारखी वागले. पन्नासची हळू फिल्म मागवली, भिंतीला पान चिकटवलं, रोल धुवायला मुंबईला पाठवला. तीन आठवड्यांनी निगेटिव्ह आल्या. चारही कोपऱ्यांतली अक्षरं स्वच्छ.

तोवर आई तापाने खाटेला लागली होती. ताप उतरला, पण मान थरथरायची थांबली नाही. डॉक्टर आता औषध बदलत नाहीत. तरी मी तीच फिल्म भरली. खिडकीच्या उजेडात त्या फिल्मला अर्धा सेकंद लागतो, आणि आईकडे तेवढाही स्थिर वेळ उरलेला नाही. छत्तीस फोटो काढले, ते परवा आले. खाटेची दोरी न् दोरी मोजता येते, भिंतीतल्या खिळ्याचा गंजसुद्धा दिसतो, आणि उशीवर नुसता पांढरा धूर. भिंग पास झालं, बाबा. आई नाही.

एक सांगायचं राहिलं. भिंग चांगलं आहे हे मला पहिल्या दिवशी, डोळा लावताच कळलं होतं. तरी तपासत राहिले. भिंतीचा फोटो काढणं सोपं होतं. आईचा काढला, की तो कुठे लावायचा ते तिने सांगून ठेवलं होतं.

चारशेचा रोल समोर आहे. नाचणी उठेल, पण कदाचित चेहरा राहील. सकाळी आईला विचारलं, भरू का? तिचं उत्तर, "तुझ्या बापाला इचार." म्हणून हे लिहिते आहे, पत्ता नसताना. बाबा, एकदाच म्हणा, भर घाईची फिल्म. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. तरी म्हणा.