वीस किलोचं वजन

३ मार्च, सोमवार. सकाळ.
हिचा गुडघा: कुरकुरतो, पण चालतो. चिरंजीवांचं पित्त: चढलेलंच. सूनबाईची सर्दी: उतरली. दुकानातला मोठा काटा: ठणठणीत. मी: त्याहून ठणठणीत.
डॉक्टर सोडून सगळ्यांना दिसतं हे. तो म्हणे कोलेस्टेरॉल वाढलंय, मटण आठवड्यातून एकदाच. आणि हातापायांतली ताकद गेलीय, तर रोज सत्तर ग्रॅम प्रोटीन खा. एका दमात ताट काढून घेतो आणि भरपूर जेवा म्हणतो!
चिरंजीवांनी लगेच संधी साधली. म्हणे, बाबा, एकतीस तारखेला तपासणीचं वीस किलोचं वजन एकट्यानं उचलून काट्यावर ठेवा. नाही जमलं तर दुकानाचं शटर खाली. चाळीस वर्षं लोकांचे काटे दुरुस्त केले, आणि हा मलाच जोखतोय.

५ मार्च.
मसूरडाळीच्या पाकिटावर छापलंय: शंभर ग्रॅमला चोवीस ग्रॅम प्रोटीन. झालं की! दुकानातला छोटा काटा घरी आणला. शिजलेली डाळ तीनशे ग्रॅम, मोजून खाल्ली. बहात्तर. दोन ग्रॅम वरकडच.
सूनबाईनं उकडलेली अंडी पुढे केली. परत पाठवली. कोटा पुरा.

११ मार्च.
आज दूध, दही, सोयाबीन, सगळं परत. लोकांना माणूस धडधाकट बघवत नाही.
परवा ही म्हणाली, अहो, त्या पाणचट डाळीत असून असून काय असणार? मी म्हणालो, तुला वजनातलं काय कळतं. तेव्हापासून अबोला. फ्रिजवर चिठ्ठ्या. आजची: "पाकिटावरचा आकडा कोरड्या डाळीचा आहे. तुम्ही पाणी जोखताय."
मला! वजन शिकवते! चिठ्ठी फाडली. मग चिकटवून परत लावली. दुसऱ्या बाजूला किराणा लिहिला होता.

१६ मार्च, रविवार.
आठवड्याचं मटण झालं. नियम म्हणजे नियम.

१७ मार्च.
मटणवाल्याचा काटा दुरुस्तीला आला. वजनं होती, पण खऱ्या मालावर तपासलेलं बरं. अर्धा किलो मटण लागलं. तपासलेला माल परत देणं बरं दिसत नाही. हे खाण्यात धरायचं नाही, कामात धरायचं.

१९ मार्च.
सराव. वजन घोट्यापर्यंत आलं. वजनाची कडी गुळगुळीत झालीय. कडी कोण घासतं इतकी?

२४ मार्च.
हिचं तोंड बंद करायचं ठरवलं. (बंदच आहे, तरी.) शंभर ग्रॅम कोरडी डाळ शिजवली. मोजली. दोनशे सत्तर. काटा पुसून पुन्हा मोजली. दोनशे सत्तर.
म्हणजे रोज पोटात गेलं ते जेमतेम सत्तावीस ग्रॅम. बाकी पाणी!
पाकिटवाल्यांना हे ठळक छापायला काय धाड भरलीय? डाळीनं तरी असं वागायला नको होतं. आता अंडी मागितली तर घरभर कळणार. नकोच. निश्चयावर उचलू.

३१ मार्च, सोमवार. सकाळी दहा.
नाही उचललं.
चिरंजीवांना सांगितलं, इतक्या वर्षांत गंज चढून हे जड झालंय. तो म्हणाला, मग मोजू या. सूनबाईनं एका हातानं उचलून काट्यावर ठेवलं. दुसऱ्या हातात फोन होता. बोलणंसुद्धा थांबलं नाही तिचं.
काटा म्हणाला: वीस किलो, शून्य ग्रॅम.
मीच लावलेला काटा. त्याला खोटं कसं म्हणू?
शटरची किल्ली काढून दिली. चिरंजीवांनी ती खिशात टाकली नाही, तो ती हातातच धरून उभा राहिला. त्याचा जास्त राग आला.

दुपारी.
फ्रिजवर चिठ्ठी लावली. नक्कल इथे ठेवतो:
"तुझं बरोबर होतं. मी पाणी जोखत होतो. मटणवाल्याच्या अर्ध्या किलोचं तुला कळलंच असेल. उद्यापासून दोन अंडी, दूध, आणि कोरडी डाळ तू मोज. काटा ओट्यावर ठेवलाय, चोख आहे. सहा महिन्यांनी पुन्हा उचलून बघेन म्हणतो. किल्लीचं तू त्याच्याशी बोल. गुडघा कसा आहे? उत्तर लवकर लिही. बोललीस तरी चालेल."