पाण्याच्या द्राक्षारसातला कार्बन

बाई, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज प्रथमच तुमच्याशी मोकळेपणानं बोलावंसं वाटतंय. दहावीत तुमच्या रसायनशास्त्राच्या तासाला मी उठून विचारलं होतं, "येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला, तर त्यातला कार्बन आला कुठून?" अख्खा वर्ग हसला. तुम्ही खडू खाली ठेवलात. "प्रश्न चांगला आहे. पण तू तो उत्तरासाठी विचारला नाहीस." रविवारी चर्चहून आल्यावर तुम्ही मला घरी बोलावलंत. तुम्ही नगरच्या, आम्ही बाबांच्या बँकेतल्या बदलीमुळे जयपुरात आलेलो. मराठी बोलायला मिळेल म्हणून आईनंही लगेच पाठवलं. तुम्ही ओट्याशी थालीपीठ थापताय, मी माफीचं वाक्य पाठ करून दारात उभी. तुम्ही वळूनही न बघता म्हणता, "कार्बनचं मला ठाऊक नाही गं. जे पुन्हा पुन्हा करून बघता येतं, ते मी शिकवते. जे एकदाच घडलं म्हणतात, त्यावर मी विश्वास ठेवते. पण ते तू पेपरात लिहिलंस, तर शून्य देईन." मला वाटलं, बाईंनी सोयीस्कर पळवाट काढली.

पुढे मी पॅथॉलॉजिस्ट झाले, जयपुरातच मुरलीपुऱ्यात लॅब टाकली. गेल्या वर्षी जवळच्या बस्सी गावातल्या एका अंगणवाडी सेविकेच्या मानेतल्या गाठीत मला कॅन्सर दिसला. उपचार सुरू होण्याआधीच गाठ ओसरली. पुन्हा तपासलं तर काही नाही. त्यांच्या प्रार्थनामंडळीनं चमत्कार म्हटलं, मी मात्र गाठीच्या जुन्या स्लाइड पुन्हा बाहेर काढल्या. मीच चुकले असेन तर? धडधाकट माणसाला मी मरणाची भीती घातली? दोन ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्टना त्या दाखवल्या. दोघंही म्हणाले, निदान बरोबर होतं; असं क्वचित होतं, का ते नक्की सांगता येत नाही.

मी त्या सेविकेला तसंच सांगितलं. "मतलब, डॉक्टरजी, आपको भी नहीं पता?"

"नहीं पता."

"तो प्रभु का शुक्र मनाऊँ?"

"मनाइए. और तीन महीने बाद जाँच भी कराइए."

त्या हसल्या, मीही हसले. किती हलकं वाटलं, बाई! ठाऊक नाही म्हणायला पळवाट लागत नाही, धीर लागतो, हे मला इतक्या उशिरा कळलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. माझी अजून कशावर श्रद्धा नाही. पण दर वेळी त्यांच्या तपासणीचा कागद उघडण्याआधी मी क्षणभर डोळे मिटते. लॅबमध्ये कुणाला हे माहीत नाही.