डोंगरावर चांगली साडी

अल अझीझिया, दोहा
२ एप्रिल २०१९

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा मनातल्या मनात घातला असं समज. वि. वि.

तुझे कान आता फोनच्या पलीकडे गेले, म्हणून हा कागद. एका परीने बरंच झालं. फोनवर तुझ्याशी ओरडून बोललेलं सगळ्या इमारतीला कळतं, आणि मला जे लिहायचंय ते देवव्रतच्या कानावर जायला नको. उत्तर खालच्या पत्त्यावर पाठव. आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीची रुकैया राहते, तिच्या नवऱ्याच्या, दिलावरच्या ऑफिसची ती पोस्टाची पेटी आहे. इथे पोस्टमन दारी येत नाही आणि देवूच्या पेटीवर माझा विश्वास नाही.

माझा मुलगा मला चीनला घेऊन निघाला आहे. हा तोच मुलगा, ज्याला तीन वर्षांत मला समैस्माचा समुद्र दाखवायला सवड झाली नाही. कधी स्टेडियमचं छप्पर, कधी खुर्च्या, आणि वर मलाच ऐकवायचं की बावीस साल काही लांब नाही. आता अचानक आठवडाभराची रजा निघाली. खलास, तिकिटं काढली म्हणाला. कुठली, तर वुयी नावाच्या डोंगराची. कशाला, तर चहाचे मळे बघायला. ताई, मला चहाचा मळा बघायचाय असं मी जन्मात कधी म्हटलं आहे का? चहा कपात दिसला की मला पुरतो.

म्हणे त्याच्या ऑफिसातल्या लिन नावाच्या बाईंचं तिथे घर आहे, त्यांनी बोलावलंय. ही लिन पदाने त्याच्यापेक्षा मोठी. एकदा गाडीत स्पीकरवर तिचा आवाज ऐकला. ड्रॉइंगमधल्या चुकीवरून त्याची अशी हजेरी घेत होती की मला आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर आठवल्या. अशी साहेबीण हाताखालच्या माणसाला आईसकट घरी का बोलावते?

सत्तावीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली मी. हळू आवाजातला फोन कसा असतो ते मला शिकवायला नको. रोज जेवण झालं की हा बाल्कनीत जातो आणि काचेचं दार ओढून घेतो. परवा माझ्यासाठी नवे बूट आणले. काल म्हणाला, बरोबर एखादी चांगली साडी घे. डोंगरावर चांगली साडी! आणि तिकडे जरा गोड बोल, अशी वर सूचना.

माझा अंदाज सांगते. वर्ल्ड कप झाला की इथलं काम संपणार, जो तो पुढची सोय बघतोय. लिनबाई याला चीनमध्ये नोकरी देणार, हा कायमचा तिकडे जाणार. मला आधी सहल घडवायची, बूट चढवायचे आणि मग गोडीत सांगायचं की आई, नाशिकजवळ एक छान वृद्धाश्रम आहे. या वयात माझं घर म्हणजे देवू असेल ते घर. ते हातचं जातंय असं दिसतंय.

लोभ असू दे, उपदेश नको.
तुझी,
सुची

नाशिक
१२ एप्रिल २०१९

चि. सुचीस,
अनेक आशीर्वाद. त्यातले दोन जिभेसाठी राखून ठेव.

रुकैयाच्या यजमानांना माझा नमस्कार सांग. तुझ्या हेरगिरीत त्या सज्जन माणसाला कशाला ओढलंस?

तुझा संशय मला नवा नाही. आबांनी तुला कॉन्व्हेंटात घातलं तेव्हा तू म्हणालीस, मला घरातून काढताहेत. मला म्युनिसिपालिटीच्या शाळेत घातलं तेव्हा मी काहीच म्हटलं नाही. स्वयंपाकाच्या पारूबाईने दिवाळीत तुला चिवडा जास्त वाढला, तर तुला वाटलं खालचा करपलेला असणार. नव्हता. मी खाल्ला.

देवू तुला आश्रमात टाकणारा मुलगा नाही. मला त्याची काळजी वेगळी वाटते. अडतीस वर्षांचा झाला, घरी कुणाला आणत नाही. अनुष्काच्या वेळचं झाल्यापासून आणत नाही, आणि का ते तुला माहीत आहे.

तेव्हा जा. आणि मला सगळं लिही. कोण कुठे बसलं, कुणी काय वाढलं, कोण कुणाकडे बघत होतं. कान गेल्यापासून मी माणसांची तोंडं आणि हात बघते, आणि पूर्वीपेक्षा जास्त कळतं. साडी जांभळी इरकली ने. तुला तीच शोभते, आणि तीत तू थोडी कमी रागीट दिसतेस.

आशीर्वाद आहेतच, त्यांच्यावर तरी संशय घेऊ नकोस.
तुझी,
ताई

दोहा
४ मे २०१९

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. या खेपेस खरोखर घालणार होते, पण डोंगर चढून आल्यावर पुन्हा उठायची खात्री नाही. वि. वि.

डोंगर सुंदर आहेत, हे आधी लिहून टाकते, म्हणजे मला काही आवडतच नाही असं तू म्हणायला नको. तांबूस काळे उभे कडे, त्यांच्या पायथ्याशी अरुंद घळी, आणि त्या घळींत दगडी बांध घालून लावलेली चहाची झुडपं. आपल्याकडे जिथे करवंदीची जाळी उगवेल, तिथे यांनी चहा लावलाय. धुकं दुपारपर्यंत हलत नाही. खाली नदी वळणं घेत जाते आणि तिच्यावर बांबूचे तराफे. पानांनी भरलेल्या टोपल्यांची कावड खांद्यावर घेऊन माणसं ओल्या पायऱ्या भराभर उतरतात. मी रिकाम्या हातांनी त्याच पायऱ्या चढताना दोनदा बसले. साऱ्या गावाला एकच वास, ओल्या पानांचा आणि निखाऱ्यांचा. तो अजून माझ्या साडीला आहे.

आता माणसं. लिन पन्नाशीची असेल असं मी धरलं होतं, निघाली पस्तिशीची. तिने मला वाकून नमस्कार केला. मी मान हलवली. मुलाच्या साहेबिणीला आशीर्वाद काय द्यायचा? घरात एका लांब मेजाभोवती सगळे ओळीने बसलेले. तिचे आईवडील, काका, आत्या आणि नव्वदीची आजी. दारात शेजारी. मला मधोमध बसवलं, देवूला कोपऱ्यात. तो मान खाली घालून बोटं मोडत होता. ऑफिसात त्याला फैलावर घेणारी लिन इथे वर बघेना, खालच्या मानेने चहा ओतत होती.

मग माझी उलटतपासणी सुरू झाली. तिची आई विचारी आणि लिन इंग्रजीत सांगे. यजमान कधी गेले. मुलाजवळच राहता का. स्वयंपाक कोण करतं. रागावता का. मी म्हटलं, कारण असलं की रागावते, नसलं की शोधते. लिनने याचं भाषांतर बराच वेळ केलं, म्हणजे नक्कीच दुसरं काहीतरी सांगितलं. आत्या माझे बूट बघत होती. आजीने तर माझा हात धरून उलटासुलटा करून पाहिला, भाजीवालीकडे दोडका निरखतात तसा.

चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा. पहिलं पाणी ओतून टाकलं, ते वाया गेलं म्हणून मीच हळहळले. कप अंगठ्याएवढे. संपला की दुसरा, तो संपला की तिसरा. सगळे बसलेले आणि लिन एकटी उठतेय, ओततेय, पुन्हा उठतेय. तेव्हा मला तिचा अंगठा दिसला. भाजून टरारून फोड आलेला. आदल्या दिवशी पानं परतायच्या कढईपाशी भाजला म्हणे. मग मात्र माझं डोकं फिरलं. उठले, तिच्या हातातली किटली काढून घेतली, तिला माझ्या खुर्चीत बसवलं आणि विचारलं की ऑफिसात माझ्या मुलाची साहेब असलेली तू इथे मोलकरीण कशी झालीस. देवूला म्हटलं, बघतोस काय, गार पाणी आण. आणि सगळ्यांना चहा मीच ओतला. काठोकाठ. कॉन्व्हेंटात पाऊण कप ओतायला शिकवलं होतं, पण अंगठ्याएवढ्या कपाचं पाऊण म्हणजे उरलं काय?

देवू पांढराफटक. गाडीत त्याने सांगितलं की तिकडे काठोकाठ कप देणं म्हणजे पाहुण्याला आता निघा म्हणणं. म्हणजे मी त्यांना त्यांच्याच घरातून निघा म्हटलं! पण त्यांचा उद्धटपणा बघ की. मी ओतत गेले तसा एकेक जण दोन बोटांनी मेजावर टकटक करत होता, हॉटेलात वेटरला बोलावतात तशी. आजीने तर तीनदा केली आणि वर हसली.

माझी आता खात्री आहे. निघताना वडिलांनी देवूला मागची रिकामी खोली दाखवली. पाहुण्याला कुणी रिकामी खोली दाखवतं का? नोकरी नक्की, राहायची सोयही नक्की. विमानात तो एक अक्षर बोलला नाही. मीही विचारलं नाही. विचारलं तर तो सांगेल, आणि ऐकायची माझी तयारी नाही, ताई.

लोभ वाढला नाही तरी चालेल, कमी मात्र करू नकोस.
तुझी,
सुची

नाशिक
१४ मे २०१९

चि. सुचीस,
अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटा.

सत्तावीस वर्षं परक्यांच्या लाइनी जोडल्यास, आणि स्वतःच्या घरची लागलेली कळली नाही? चांगली साडी. ओळीने बसलेले नातेवाईक. दारात शेजारी. खालच्या मानेने चहा देणारी मुलगी, कोपऱ्यात बोटं मोडणारा मुलगा, आणि त्याला दाखवलेली मागची खोली. फक्त पोहे नव्हते गं! सुची, तू मुलगी बघून आलीस.

आणि नीट पाहिलं तर तेही नाही. मुलीकडे तू अंगठा दिसेपर्यंत बघितलंच नाहीस. प्रश्न तुला विचारले. हात तुझा पाहिला, बूट तुझे पाहिले. त्यांनी सासू बघितली.

शहात्तर साली आपल्या पुढच्या खोलीत तुला बघायला आले होते, आठवतं? त्यांच्या आत्याने चालून दाखव म्हटलं, आणि तू म्हणालीस, आधी तुम्ही दाखवा. तरी होकार आला आणि आपण सगळ्यांनी पेढे खाल्ले. तुला पसंत आहे का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

देवूने लपवलं का, म्हणून त्याच्यावर तणतणू नकोस. अनुष्काला त्याने घरी आणलं तेव्हा तिच्या उंच टाचांवरून तू जे बोललीस, त्यावर ती पोर चहा न घेता गेली. या खेपेस तुला नाक मुरडायला वेळच मिळू नये अशी त्याने तजवीज केली. पण तू तर काठोकाठ कप दिलेस. तो विमानात बोलला नाही म्हणतेस, याचीच मला भीती वाटते. त्यांचा नकार आला असेल तर हा मुलगा पुन्हा कुणाचं नाव काढणार नाही. जा आणि निस्तर.

आशीर्वाद उरलेले सगळे पाठवते, तुला लागतील.
तुझी,
ताई

दोहा
२६ मे २०१९

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, मुकाट्याने. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग देवूचा, मग त्या दोडका निरखणाऱ्या आजीचा. ते उतरायला दोन दिवस गेले. काल देवू साइटवर गेल्यावर रुकैयाला सगळं सांगितलं. मला लिनकडे नेताना गाडीत ती म्हणाली, सुचित्राबाई, आमच्या रत्नागिरीत सासू बघायचा रिवाज असता तर माझी पहिल्याच घरी नापास झाली असती. गाडी दिलावर चालवत होता. त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं.

लिन फरीज बिन ओमरानला राहते. रमजानची दुपार, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दोघांचे रोजे, म्हणून ती दोघं खाली गाडीतच थांबली. मला दारात बघून लिनचा चेहरा उतरला आणि ती किटलीकडे धावली. मी तिला बस म्हटलं आणि तिच्या स्वयंपाकघरात आपला चहा टाकला. दूध, साखर, आलं सगळं घरून नेलं होतं. तिच्याकडे असेल यावर माझा विश्वास नव्हता.

मग विचारलं, आईने काय कळवलं. तर म्हणे आई अजून विचार करतेय. आत्याचा साफ नकार आहे, काठोकाठ कपामुळे. आजी मात्र म्हणाली की सून होऊन आल्यापासून ती त्या घरात चहा ओततेय, तिच्या हातातली किटली आजवर कुणी घेतली नाही. आणि मेजावरची टकटक वेटरला बोलावणं नव्हतं, ताई. चहा ओतणाऱ्याचे आभार असतात ते. आजीने तीनदा मानले होते.

मी चुकले. हे जपून ठेव, पुन्हा लिहिणार नाही.

देवू तिला पसंत आहे का, हे मी विचारलं नाही. रोजच्या बाल्कनीतून ते कळलंच आहे. मी विचारलं, मी तुला पसंत आहे का. मी घर सोडून कुठे जाणार नाही, जीभ आता बदलणार नाही, रोज सकाळी उठून मीच दिसणार. आईचं राहू दे, तुझं सांग, आणि तोंडावर सांग.

तिने कप जरा बाजूला सरकवला. मला वाटलं, संपलं. मग तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली की चहा वाईट झालाय, भलताच गोड आहे आणि उकळून उकळून पानाचा जीव घेतलाय. तुमच्याशी मात्र माझं जमेल. आणि दोन बोटांनी मेजावर टकटक केली.

कप तिने अर्धा टाकला. मला पूर्ण संपवला असता त्यापेक्षा बरं वाटलं. तिच्या आईला मी स्वतः पत्र लिहिणार आहे. भाषांतर लिन करील, आणि या वेळी मी बोलले तेच लिहील असं कबूल केलंय. तरी माझं लक्ष राहील.

देवूला मी यातलं काही बोलले नव्हते. आज सकाळी उठून बघते तर यानेच चहा केलेला. जन्मात पहिल्यांदा. माझ्यापुढे कप ठेवला, ओतला, आणि आई, तुझ्याशी जरा बोलायचंय, म्हणाला. मी दोन बोटांनी टेबलावर टकटक केली.

त्याने तसंच माझ्या बोटांकडे बघत स्वतःचा कप भरायला घेतला. काठोकाठ झाला, बशीत सांडला, टेबलावर आला, तरी ओततच होता.

लोभ आता आम्हा तिघांवर वाटून टाक.
तुझी,
सुची

ता. क. जांभळी इरकली अजून धुतलेली नाही. तू मात्र एखादी चांगली साडी काढून ठेव.