कडेची नजर

बाबा, गेल्या महिन्यात मी वाचायचा चष्मा बदलायला गेले होते. डॉक्टरबाईंनी डोळ्यांचा दाब मोजला, परत मोजला आणि विचारलं, "घरात कुणाला काचबिंदू होता का?" मी म्हणाले, "वडिलांना." तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्याबद्दल आता कुणी काही विचारत नाही. त्यांनी विचारलं म्हणून मी जरा जास्तच बोलत बसले.

तुम्ही औरंगपुऱ्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचात. तुमचं अक्षर शेवटपर्यंत सरळ राहिलं, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. घरात मात्र रंगाच्या डब्याला तुमचा पाय लागायचा, चौकटीला खांदा घासायचा. एका दुपारी तुम्ही जेवायला बसलाय, वाटी ताटाच्या कडेलाच आहे, आणि तुम्ही आईला विचारता, "आज कालवण नाय का केलं?" आई वाटीकडं बघते, मग तुमच्याकडं. "अहो, डोळे दाखवा एकदा." "समोरचं स्वच्छ दिसतंय मला. मोतीबिंदू असंल, पिकला की काढू." पुढं रस्ता ओलांडताना बाजूनं आलेली स्कूटर तुम्हाला दिसली नाही. पाय मोडला, आणि दवाखान्यात डोळेही तपासले गेले. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, कडेकडून नजर खात येतो, डॉक्टर म्हणाले. गेलेली परत येत नाही. "आधी आलो असतो तर?" तुम्ही विचारलंत. ते थेंबांची चिठ्ठी लिहायला लागले. नंतर बाजारातून जाताना तुम्ही माझा हात धरून नव्या पाट्या वाचून घ्यायचात आणि विचारायचात, "अक्षर बरं हाय का?"

मला बाईंनी एका यंत्रात बघायला लावलं. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मधेच बराच वेळ ठिपका येईना. मला वाटलं, यंत्र बंद पडलं. यंत्र चालूच होतं. "कडेची थोडी नजर गेलीय," बाई म्हणाल्या, "पण वेळेवर आलात. थेंब चुकवू नका, उरलेली राखता येईल." आता रोज संध्याकाळी मी थेंब टाकते आणि डोळे मिटून पलंगावर बसून राहते. लेक बंगळूरला असते. घरात आवाज असतो तो फक्त पंख्याचा.

भावंडांचेही डोळे तपासून घ्या, असं बाई म्हणाल्या, म्हणून धाकट्याला बिडकीनला फोन केला. "ताई, मला तर लई स्वच्छ दिसतंय," तो म्हणाला, अगदी तुमच्यासारखाच. मी फोन ठेवला, बस धरली आणि त्याला घेऊनच आले. त्याचे डोळे सध्या चांगले निघाले. दरवर्षी दाखवायला सांगितलंय. रिक्षात तो हसत होता, मीही हसले.

हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून लिहिते. त्याचं ऐकून जीव भांड्यात पडला, हे खरं. पण तो गेल्यावर दार लावलं तेव्हा वाटलं, त्यालाही थोडं असतं, तर दोघं मिळून गेलो असतो दवाखान्यात.