अकरावा कागद

प्रिय बाबा,

फोनवर सांगायला गेले असते तर तुम्ही मध्येच जेवलीस का म्हणून विचारलं असतं आणि सगळं मुसळ केरात गेलं असतं. म्हणून पत्र.

महिनाभर मी वनस्पती संग्रहालयात तुमच्याच जुन्या खोलीत बसते आहे. खिडकी अजून अर्धीच उघडते. काम असं, की त्या दुर्मीळ लव्हाळ्याचे आजवर गोळा झालेले सगळे वाळवलेले नमुने काढायचे, प्रत्येकावरची चिठ्ठी वाचायची आणि जागा नकाशावर मांडायची. नमुने चिकटवलेले अकरा कागद निघाले. दहा ठिपके डोंगरावरच्या तळ्याभोवती, पण ते सगळे फार जुने. अकरावा एकटाच खाली नदीकाठी. तो तुमचा. शेजारी कुणीतरी पेन्सिलीने ‘संशयास्पद’ लिहून ठेवलंय. त्या पेन्सिलवाल्याचा असा राग आला मला!

त्या एका शब्दापायी तुम्ही किती उन्हाळे नदीकाठ पालथा घातलात! मलाही न्यायचात, आणि चिखलाने माखलेल्या आपल्या दोघांना आई दारातच उभं करायची. सापडायचा तो साधा, कुठेही उगवणारा लव्हाळा. तुमची टिपणवही वाळवीने खाल्लेली, त्यामुळे पडताळायला काही नाही. संग्रहालयाच्या साहेबांनी भर बैठकीत नोंद बाद केली. पुढे कुणी रोप दाखवलं, तरी आता माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही म्हणायचात. मला ते ऐकवत नसे.

तर ऐका. परवा तो कागद भिंगाखाली धरला. मुळांना डोंगरावर असते तशी तांबडी खडी चिकटलेली, आणि नदीकाठी तर सगळा काळा गाळ! मग दुसऱ्या कपाटातून त्याच दिवशीचा तुमचा साध्या लव्हाळ्याचा कागद काढला. चिठ्ठीवर डोंगरावरचं तळं, मुळांत काळा गाळ. चिठ्ठ्यांची अदलाबदल! शनिवारी संग्रहालयाची कपाटं सांभाळणाऱ्या काकांना घेऊन तळ्यावर गेले. वाटभर ते माझ्या नावाने बोटं मोडत होते, पण त्या लव्हाळ्याचं पहिलं बेट त्यांनाच दिसलं. त्रेचाळीस बेटं मोजली, बाबा. या भागातून नाहीसा झाला म्हणून सगळ्यांनी ज्याची आशा सोडली होती, तो तिथे खुशाल फुलून बसलाय. मी चिखलातच बसून रडले.

आता खरं सांगायचं ते. त्या दोन्ही चिठ्ठ्यांवरचं अक्षर माझं आहे. मी नऊ वर्षांची होते. अक्षर बरं म्हणून तुम्ही मला जेवणाच्या टेबलावर वहीतून चिठ्ठ्या उतरवायला आणि चिकटवायला बसवलं होतं, आणि मला दोन्ही गवतं सारखीच दिसली असणार. तुमचे डोळे चुकले नव्हते, माझे हात चुकले. जुनी चिठ्ठी कधी फाडायची नाही, शेजारी दुरुस्तीची नवी लावायची, हे तुम्हीच शिकवलंत. तशी मी लिहिली आहे, चूक कबूल करून, माझ्या नावानिशी. पण लावण्याआधी तुम्हाला ते माझ्याकडूनच कळायला हवं होतं. रागवा हवं तर, पण मंगळवारी या. चिठ्ठीवर पडताळणाऱ्याची सही लागते. साहेब करायला तयार होते, मी त्यांना नको म्हटलंय.

तुमचीच,
उचापती