रानमोडीच्या खाल्लेल्या पानांबाबत

मी, कुमारी पुष्पलता बुधा भोये, वय वर्षे ६६, वनस्पतिशास्त्राची सेवानिवृत्त अध्यापिका, राहणार जव्हार, जिल्हा पालघर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. हृदयाची एक झडप सोडली तर माझी तब्येत ठणठणीत आहे. गेल्या वर्षी केलेले मृत्युपत्र याने रद्द समजावे. ते लिहिताना मला वाटत होते की आपल्या आयुष्यात आता काही घडायचे राहिलेले नाही. घडले आहे! वकील म्हणाले, मृत्युपत्रात उद्गारचिन्ह घालत नाहीत. मी त्यांना म्हटले, तुम्ही ते पान पाहिलेले नाही.

१. जव्हार येथील दोन खोल्यांचे घर भांड्याकुंड्यांसह माझा पुतण्या मंगेश यास द्यावे. तो ठाण्यात कारकून आहे. जुन्या मृत्युपत्राप्रमाणे खोडाळ्याजवळचा माळही त्यालाच मिळणार होता आणि तिथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधायचा आराखडा त्याने मला मोबाइलवर दाखवला होता. मंगेश, माळ तुला मिळणार नाही. कागद शेवटपर्यंत वाच आणि मग काय रागवायचे ते रागव.

२. सूक्ष्मदर्शक आणि वाळवून चिकटवलेल्या वनस्पतींचे नऊ गठ्ठे माझ्या जुन्या विभागाला. आमचे एक विभागप्रमुख म्हणत, "भोयेबाई, तणात कसले आले संशोधन? तण ते तण." त्यांना हे गठ्ठे उघडू देऊ नयेत. बाकी कोणीही उघडावेत.

३. बँकेतली शिल्लक औषधपाणी आणि क्रियाकर्म भागवून उरेल ती कलम ५ मधील कामाला लावावी. दहावे-बारावे थोडक्यात उरका, पण माळावर मोजणीच्या चौकटी आखायचे खुंट लोखंडी घ्या. लाकडी खुंट वाळवी खाते, हे मला तीन वर्षे फुकट गेल्यावर कळले.

४. आता माळ. वडिलांचा हा चौदा गुंठ्यांचा वरकस, म्हणजे हलक्या जमिनीचा, तुकडा. तिथे पूर्वी नागली होत असे. २००७ साली मी त्याचे दोन भाग केले. एकाला तारेचे कुंपण घालून कुलूप लावले आणि दुसरा गुराढोरांना मोकळा ठेवला. रानमोडी हे परमुलखातून आलेले झुडूप. तिचा वास उग्र, शेळी तोंड लावत नाही, इथल्या किड्यांनाही ती ओळखीची नाही. म्हणून ती मोकाट पसरते आणि खालचे गवत मारते. मोकळ्या चराईने ती वाढते की घटते, एवढेच मला पाहायचे होते. दर सप्टेंबरला मी चौकटी टाकून झुडपे मोजत असे, एरवी तिकडे फिरकत नसे.

आठ वर्षांत कुंपणाच्या आत रानमोडी माणसाच्या डोक्यावर गेली आणि मोकळ्या भागात निम्म्याहून कमी झाली. मला आकाश ठेंगणे झाले. शेळ्या खात नसल्या तरी तुडवून रानमोडी आटोक्यात ठेवतात, असा लेख मी छापला, पुण्याच्या सभेत वाचला, शाल घेतली.

पुढच्या फेब्रुवारीत सहज माळावर गेले, तर माळाशेजारी राहणारी गोजाबाई वारघडे कोयत्याने रानमोडी तोडून भारे बांधत होती.

"गोजा, हे काय करतेस?"

"राबाला पाला नेतंय ना, बाई. तुझा माळ लय गचपान झालेला. तुला कोन हाय तोडाया? मंग मीच तोडतंय सात-आठ वरसं."

भातनागलीचे रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून भाजतात, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. त्यासाठी, आणि एकट्या बाईला मदत म्हणून, तिने आठ वर्षे माझा प्रयोग भारे बांधून घरी नेला होता. कुंपणाला कुलूप होते म्हणून शेजारधर्म फक्त मोकळ्या भागावर झाला. जिच्या नावावर मी सभेत टाळ्या घेतल्या ती शेळी म्हणजे गोजाबाई होती.

मी तिला नको नको ते बोलले. पुन्हा माळाला हात लावायचा नाही, असे बजावले. ती शांतपणे म्हणाली, "आन् माझा राब? बरं, वरचा अर्धा तुझा, खालचा माझा." भारा डोक्यावर घेऊन ती निघून गेली. मी लेख मागे घेतला आणि मोकळा भाग मोजायचा सोडला. नऊ वर्षे तिच्या दारावरून गेले, पण घोटभर पाणी घेतले नाही.

५. या वर्षी २१ सप्टेंबरला खुंट उपटायला गेले. माळ मंगेशच्या हवाली करायचा होता. मोकळ्या भागाच्या खालच्या कडेला वाकले आणि हातात आले रानमोडीचे खाल्लेले पान. अठरा वर्षांत मी या माळावर रानमोडीचे खाल्लेले पान पाहिले नव्हते! पान उलटले तर अळी. काळी, पाठीवर दोन पिवळ्या रेषा. ही अळी मी लहानपणापासून बांधावरच्या गावठी झुडपांवर पाहत आले आहे. ती आपली आहे. खुंट तिथेच टाकून मी मोजायला बसले. कुंपणात खाल्लेली पाने शून्य. मोकळ्याच्या वरच्या अर्ध्यात शून्य. खालच्या अर्ध्यात एकशे बारा. मी पुन्हा मोजले. एकशे बाराच.

गोजाने शब्द पाळला होता. नऊ वर्षे खालचा अर्धा तोडला, वरच्याला हात लावला नाही. माझ्या तारेच्या कुंपणापेक्षा चोख प्रयोग तिने नुसता शब्द देऊन केला होता. माझा अंदाज असा की तोडलेल्या झुडपाला पावसात कोवळा पाला फुटतो आणि तो अळीला पचू लागला आहे. पण एका पावसाळ्यावर मी आता टाळ्या घेणार नाही. अजून दहा सप्टेंबर मोजायला हवेत, आणि माझ्याकडे तेवढे असतील असे डॉक्टर सांगत नाहीत.

म्हणून संपूर्ण माळ गोजाबाई ढवळू वारघडे हिला द्यावा. अट एकच. दहा वर्षे खालचा अर्धा राबासाठी तोडावा आणि वरचा तोडू नये. मोजणी तिची सून रविना करील. ती अंगणवाडीत आहे, तिचे अक्षर माझ्यापेक्षा सुवाच्य आहे. माझे हातभिंग आणि वह्या तिला.

६. इथपर्यंतचा मसुदा मी परवा गोजाच्या घरी जाऊन वाचून दाखवला. सगळे ऐकून ती म्हणाली, "नको."

"का गं?"

"चोराला जमीन देतंस?"

मला कळेना. रविनाने आतून एक जुना छापील कागद आणला. लेख मागे घेताना मी नियतकालिकाला पाठवलेला खुलासा होता तो, गावातल्या कॉलेजच्या कोणा पोराने आणून दिलेला. "मोकळ्या भागातून झुडपांची चोरी झाल्याने निष्कर्ष रद्द." मी रागात लिहिले आणि विसरून गेले. गोजाने तो सुनेकडून वाचून घेतला होता आणि नऊ वर्षे जपून ठेवला होता. मला फार लाज वाटली. अजून वाटते.

तेव्हा कायदेशीर कागदावर लिहून देते की गोजाबाईने माझे काहीही चोरलेले नाही. चोरी हा शब्द खोटा होता आणि तो मी लिहिला होता. तसा नवा खुलासा मी काल धाडला आहे. या अळीवर जो लेख होईल त्यात पहिले नाव तिचे आणि दुसरे माझे राहील. हे मी जगले तरी लागू आहे.

रविनाने इथपर्यंतचे हे कलम आज सकाळी तिला दोनदा वाचून दाखवले. मग गोजा म्हणाली, "आता घेन. पन तू दवाखान्यातून ये. येत्या राबाला खालचा पाला तू तोडायचा, तुझ्या हातानं. मला चोर म्हनलीस ना? मंग तू पन तोड."

झडपेची शस्त्रक्रिया ८ डिसेंबरला आहे आणि डॉक्टरांनी तीन महिने पाण्याची कळशीही उचलायला मनाई केली आहे. राबाची तोड फेब्रुवारीत असते. मी गोजाला हो म्हटले आहे.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा असून वाचून खाली सही केली आहे.

ठिकाण : जव्हार
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

सही : पु. बु. भोये

लिहून देणारीने आमच्यादेखत सही केली व आम्ही तिच्यादेखत केली :

१. डॉ. योगिता चौधरी, जव्हार. (प्रकृती तपासली, शुद्धीत आहेत. कोयता उचलण्यास माझी परवानगी नाही.)

२. कमलेश दिवे, निवृत्त प्रयोगशाळा परिचर, जव्हार. (भारे मी उचलेन.)