लेन्सचं कूळ

३ मार्च
अप्पांनी त्यांची जुनी लेन्स आज माझ्या हवाली केली. म्हणाले, हिने जन्मभर सगळ्यांचे फोटो काढले, माझाच एक नाही. खुर्चीत बसता येतंय तोवर काढून टाक. डॉक्टरांच्या मते महिनाभर तरी बसतील. म्हणजे वेळ भरपूर.
लेन्सवर नाव एका दुकानाचं. दुकानं लेन्स बनवत नाहीत, कारखान्यांकडून करून घेतात. कोणत्या कारखान्याची, ते आधी ठरवणार. कुणाची ते माहीत नसताना वापरणं बेशिस्त.

७ मार्च
शोध लागला. पुढच्या रिंगवरच्या नंबरातले पहिले दोन आकडे कारखाना सांगतात. आमची सर्वांत नामांकित कारखान्याची. अप्पांच्या कानावर घातलं. त्यांनी विचारलं, "लेन्सचं कूळ कशाला बघतोस? मुलगी द्यायची आहे का?" मग रिंगबद्दल काहीतरी सांगू लागले, तेवढ्यात खोकला आला. मी पुढचं वाचायला गेलो.

११ मार्च, सकाळी
त्या कारखान्याच्या लेन्सचा फोकस डावीकडे फिरतो. आमचा उजवीकडे. बहुधा दुर्मीळ प्रकार. ही म्हणाली, उजेड छान आहे, आधी फोटो काढा. प्रत्येकाला संशोधनाची दृष्टी नसते.

१६ मार्च
अपर्चरची, म्हणजे आतलं उजेडाचं भोक लहानमोठं करणारी, पाती मोजली. सहा. त्या कारखान्याच्या तक्त्यात आठ. तक्ता चुकला असणार.
इंटरनेटवर जुन्या लेन्सचा फोरम आहे, तिथल्या तज्ज्ञांकडून कन्फर्म करून घ्यायचं ठरवलं. लेन्स तळहातावर धरली आणि हिला मोबाइलवर फोटो काढायला लावला. अप्पा मागे खुर्चीत होते. त्यांना वाटलं, त्यांचाच काढतोय. शर्टाचं वरचं बटण लावलं.

२२ मार्च
उत्तर नाही. मोठी माणसं विचार करून बोलतात.
अप्पा आता पडूनच असतात. उशीला टेकवून काढता येईल. तो अँगल जास्त नैसर्गिक. रविवारी, फायनल.

२५ मार्च
अप्पा गेले. सकाळी.
लेन्स कपाटात आहे.

२९ मार्च
भिंतीवर लावायला फोटो हवा. अप्पांचे फोटोंचे डबे उपसले. मी, ही, आत्या, शेजाऱ्यांचं कुत्रं. अप्पा कुठेच नाहीत. ही म्हणाली, मोबाइलमध्ये आहे एक. त्यातून माझा हात आणि लेन्स कापून टाकली, उरलेलं मोठं करून घेतलं. स्टुडिओवाला म्हणाला, फोकस पुढे आहे, चेहरा काही स्पष्ट येणार नाही.
आत्या बराच वेळ फ्रेमकडे बघत होती. म्हणाली, "बटण लावलेलं दिसतंय."

४ एप्रिल
तज्ज्ञांचं उत्तर आलं. पुढची रिंग मुळात दुसऱ्या लेन्सची आहे, कुणीतरी घरीच बसवलेली. नंबरावरून काही ठरत नाही. नवा, स्पष्ट फोटो पाठवा. मागे माणूस नको.
दुपारी काढून पाठवला.